ऊती ओळखायला शिकताना पेशींमधली जागा पाहा

सूक्ष्मदर्शकाखाली ऊतीची पहिली स्लाइड लावली की बहुतेकांना गुलाबी पसारा आणि त्यात विखुरलेले जांभळे ठिपके एवढंच दिसतं. पुस्तकातली आकृती शेजारी ठेवली तरी दोन्हींचा मेळ बसत नाही. मलाही बसत नव्हता. मग वर्गात शिकवणाऱ्या एका ज्येष्ठ बाईंनी मला पेशी मोजणं थांबवायला लावलं आणि विचारलं, "दोन पेशींच्या मध्ये काय आहे ते सांग." त्या प्रश्नानंतर चित्र उलगडायला लागलं. हा लेख त्याच प्रश्नाभोवती रचलेला आहे. नववी-दहावीचे विद्यार्थी, नर्सिंग किंवा फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाची मुलं, किंवा हाती आलेला बायोप्सीचा रिपोर्ट समजून घेऊ पाहणारं कुणीही, हे सगळे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

पायरी १: व्याख्या थोडी दुरुस्त करून घ्या

"समान रचना आणि समान कार्य असलेल्या पेशींचा समूह म्हणजे ऊती" ही व्याख्या आपण पाठ करतो. ती चूक नाही, पण अपुरी आहे. ऊतीत पेशी असतात, आणि त्या पेशींनी स्वतःभोवती तयार केलेलं द्रव्यही असतं. हाडाचा कडकपणा, कानाच्या पाळीचा लवचीकपणा, घोट्यामागच्या जाड दोरीची ताकद हे सगळं पेशींच्या बाहेर आहे. पेशी ते बनवतात आणि सांभाळतात.

ऊती हा शब्दच विणण्याच्या अर्थाच्या संस्कृत धातूवरून आला आहे. "ओतप्रोत"मधलं "ओत" हे त्याच कुळातलं. काही पुस्तकांत "ऊतक" किंवा "पेशीजाल" असे शब्द दिसतील. अर्थ एकच.

शरीर मोजक्या प्रकारच्या विणींनी बनलेलं आहे ही कल्पना ठामपणे मांडली ती फ्रान्सच्या झाव्हिए बिशा यांनी, अठरावं शतक संपता संपता. त्यांचा सूक्ष्मदर्शकावर विश्वास नव्हता. मृत शरीरांचे भाग उकळून, वाळवून, आम्लात टाकून ते कसे बदलतात हे पाहत त्यांनी २१ प्रकारच्या ऊती वेगळ्या केल्या. १८०२ मध्ये ते वारले तेव्हा अवघे ३० वर्षांचे होते. आज आपण मुख्य गट चारच मानतो: अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता (इंग्रजीत नर्व्ह). पण इंद्रियाचं नाव बाजूला ठेवून त्यातली वीण पाहायची ही सवय बिशांनी लावली.

पायरी २: स्लाइड म्हणजे काय ते समजून घ्या

घाईत ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढे महिनाभर अडखळतात. शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये टिकवतात, त्यातलं पाणी काढून मेणात बसवतात आणि मायक्रोटोम या यंत्रावर त्याचे ४ ते ५ मायक्रोमीटर जाडीचे काप घेतात (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाइतके हे पातळ असतात. एवढ्या पातळ कापाला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. म्हणून तो रंगवतात. नेहमीची जोडी हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन यांची. हिमॅटॉक्सिलिन एका झाडाच्या लाकडातून मिळतं आणि पेशीकेंद्रकाला निळसर जांभळा रंग देतं. इओसिन बाकीचं बरंचसं गुलाबी करतं. म्हणजे जांभळा ठिपका दिसला की ते केंद्रक, आणि केंद्रक आहे तिथे पेशी आहे. गुलाबी मात्र पेशीच्या आतलंही असू शकतं आणि बाहेरचंही. नवख्या डोळ्यांचा गोंधळ नेमका इथेच होतो.

दुसरी गोष्ट कापाच्या दिशेची. पेन्सिल आडवी कापली तर गोल चकती मिळते, उभी कापली तर लांब पट्टी. पेन्सिल तीच. स्नायूचा तंतू किंवा रक्तवाहिनी एका स्लाइडवर गोल आणि दुसरीवर लांबट दिसली तर ऊती बदललेली नसते, सुरी वेगळ्या दिशेने गेलेली असते.

आणि एक मोजपट्टी लक्षात ठेवा. तांबडी रक्तपेशी साधारण ७ ते ८ मायक्रोमीटर रुंद असते आणि जवळजवळ प्रत्येक स्लाइडवर कुठेतरी सापडते. बाकी सगळ्याचा आकार तिच्याशी ताडून पाहा. भिंगाची ताकद आठवत बसायची गरज पडत नाही.

पायरी ३: मोकळी कडा शोधा

आता स्लाइड कमी ताकदीच्या भिंगाखाली लावा आणि सगळ्यात आधी कडा शोधा, जिथे ऊती संपून रिकामी जागा सुरू होते. त्या कडेवर पेशी एकमेकींना खेटून, मध्ये फटही न ठेवता बसल्या असतील तर ती अभिस्तर ऊती. त्वचेचा बाहेरचा थर, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, रक्तवाहिन्यांची आतली बाजू, सगळीकडे हीच. मधली जागा जवळजवळ शून्य ठेवणं हेच तिचं काम आहे, कारण आत काय यावं आणि बाहेर काय जावं हे ती ठरवते.

पेशींच्या खाली एक अतिशय पातळ आधारपटल असतं. रक्तवाहिन्या त्या पटलाच्या खालीच थांबतात. म्हणून वरवर खरचटलं तर कातडी सोलवटते पण रक्त येत नाही. रक्त आलं की समजायचं, जखम अभिस्तर ओलांडून खालच्या संयोजी ऊतीत गेली.

प्रकार ओळखायला दोनच प्रश्न पुरतात: थर किती, आणि पेशींचा आकार कोणता? फुप्फुसातल्या वायुकोशांना चपट्या पेशींचा एकच थर असतो. तिथे हवा आणि रक्त यांच्यातलं एकूण अंतर अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास आहे, म्हणून तर प्राणवायू क्षणात आरपार जातो. मूत्रपिंडातल्या नलिकांत घनाकार पेशी असतात. आतड्यात उंच, स्तंभासारख्या पेशी असतात आणि त्यांच्या माथ्यावरच्या सूक्ष्म झालरीमुळे शोषणाचं क्षेत्रफळ वाढतं. जिथे घासलं जातं, म्हणजे त्वचा, तोंड, अन्ननलिका, तिथे थरांवर थर असतात. वरचे झिजून जातात, खालचे वर येतात. अशा बहुस्तरीय अस्तराचं नाव सगळ्यात वरच्या थरातल्या पेशींच्या आकारावरून ठरतं. परीक्षेत हमखास चुकणारा मुद्दा हाच. मूत्राशयाचं अस्तर निराळं: रिकामं असताना वरच्या पेशी फुगीर दिसतात, भरलं की ताणून चपट्या होतात. श्वासनलिकेत केंद्रकं वरखाली असल्यामुळे अनेक थर असल्याचा भास होतो, पण प्रत्येक पेशी आधारपटलाला टेकलेली असते. तिथल्या पेशींवरचे केसासारखे पक्ष्म धूळ आणि कफ वर ढकलत राहतात. ग्रंथीदेखील अभिस्तरच, आत दुमडून स्राव करायला लागलेला.

हे घरी किंवा शाळेत पाहता येतं. स्वच्छ कापसाची काडी गालाच्या आतून हलकेच फिरवा, काचपट्टीवर टेकवा, मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाका आणि वर कव्हरस्लिप ठेवा. फरशीसारख्या चपट्या, प्रत्येकी एक निळं केंद्रक असलेल्या पेशी दिसतील. इतक्या सहज त्या सुटून येतात, कारण झिजून गळणं हे त्यांचं रोजचंच काम आहे. आतड्याचं अस्तर ४ ते ५ दिवसांत बरंचसं नवं होतं. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारणारी केमोथेरपी घेताना तोंड येतं आणि पोट बिघडतं, ते त्यामुळेच.

अभिस्तर नीट शिकून घेण्याचं आणखी एक कारण आहे. प्रौढांमधले बहुसंख्य कर्करोग या ऊतीतून उगम पावतात, आणि त्यांना कार्सिनोमा म्हणतात. रिपोर्टमध्ये "स्क्वॅमस सेल कार्सिनोमा" असेल तर सुरुवात चपट्या पेशींच्या अस्तरातून झाली, "अॅडिनोकार्सिनोमा" असेल तर ग्रंथीच्या पेशींतून. "इन सिटू" हे दोन शब्द दिसले तर त्या पेशींनी आधारपटल अजून ओलांडलेलं नाही. "इन्व्हेझिव्ह" म्हणजे ओलांडलं. एका पातळ पटलाच्या अलीकडे की पलीकडे यावर उपचारांची सगळी दिशा बदलू शकते. रिपोर्टचा अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्या, पण त्या पटलाची कल्पना असली की त्यांना नेमका प्रश्न विचारता येतो.

पायरी ४: आता मधल्या जागेत उतरा

अभिस्तराच्या खाली नजर नेली की चित्र उलटं होतं. पेशी विरळ, एकमेकींपासून लांब, आणि मध्ये भरपूर काहीतरी. ही संयोजी ऊती. इथे मधल्या जागेलाच महत्त्व आहे. त्या जागेत दोन गोष्टी असतात: तंतू, आणि त्यांच्याभोवतीचं आधारद्रव्य. तंतूंमध्ये मुख्य कोलॅजेन, जे ताण सहन करतं, आणि इलॅस्टिन, जे ताणून पुन्हा जागेवर येतं. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या कोलॅजेनचा आहे.

कोलॅजेन बिघडलं तर काय होतं हे खलाशांनी शतकानुशतकं भोगलं. लांबच्या सफरीत हिरड्यांतून रक्त यायचं, दात हलायचे आणि वर्षांपूर्वी भरलेल्या जखमा पुन्हा उघडायच्या. हा स्कर्व्ही. १७४७ मध्ये ब्रिटिश आरमारातले डॉक्टर जेम्स लिंड यांनी १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबं मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. कारण बऱ्याच नंतर कळलं: कोलॅजेनचे धागे एकमेकांना घट्ट धरून राहावेत यासाठी लागणाऱ्या रासायनिक क्रियेला क जीवनसत्त्व हवं असतं. जुना व्रण आपल्याला कायमचा वाटतो, पण त्यातलं कोलॅजेन सतत मोडत आणि नव्याने बनत असतं. नवं बनणं थांबलं की व्रण उसवतो.

संयोजी ऊतीचे प्रकार पाठ करण्याऐवजी एकच प्रश्न विचारत पुढे जा: मधलं द्रव्य किती घट्ट आहे?

अगदी पातळ असेल तर ते रक्त. रक्ताला संयोजी ऊती म्हटलेलं बघून नवे विद्यार्थी दचकतात. पण पेशी विखुरलेल्या आहेत आणि मध्ये भरपूर द्रव्य आहे, ही अट रक्त पुरी करतं. ते द्रव्य म्हणजे प्लाझ्मा, रक्ताचा साधारण ५५ टक्के भाग. तंतू तेवढे एरवी दिसत नाहीत. रक्त गोठायला लागलं की प्लाझ्मात विरघळलेल्या प्रथिनापासून फायब्रिनचे तंतू तयार होऊन जाळं धरतात. तांबड्या पेशी केंद्रक टाकून देतात आणि सुमारे १२० दिवस जगतात.

थोडं घट्ट, जेलीसारखं असेल तर ती विरल ऊती. त्वचेखाली आणि अवयवांच्या मधल्या फटींत ती असते, आणि रक्तवाहिन्या तिच्यातूनच वाट काढतात. जंतू शिरल्यावर सूज येते ती मुख्यतः इथे.

कोलॅजेनचे जाड जुडगे एकाच दिशेने रचलेले असतील तर ते स्नायुरज्जू किंवा अस्थिबंध. स्नायुरज्जू स्नायूला हाडाशी जोडतो, अस्थिबंध हाडाला हाडाशी. दोन्हींत रक्तपुरवठा कमी, त्यामुळे फाटले की भरून यायला महिने लागतात. "हाड मोडलं असतं तर बरं" असं अस्थिबंध दुखावलेले लोक म्हणतात, आणि भरून येण्याच्या वेगापुरतं पाहिलं तर त्यात तथ्य आहे.

द्रव्य रबरासारखं असेल तर कास्थी. कानाची पाळी वरच्या बाजूला दुमडून सोडून द्या: झटकन जागेवर येते. नाकाचं टोक, श्वासनलिकेची इंग्रजी सी अक्षरासारखी कडी, सांध्यांत हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, सगळी कास्थीच. स्लाइडवर तिच्या पेशी छोट्या पोकळ्यांत एकट्या-दुकट्या बसलेल्या दिसतात. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि चेतातंतूही नाहीत. म्हणून सांध्यातली कास्थी झिजायला लागते तेव्हा सुरुवातीला दुखत नाही, आणि दुखायला लागतं तोवर बरीच झीज झालेली असते.

मधल्या द्रव्यात कॅल्शियम आणि फॉस्फरसचे क्षार भरले की हाड. प्रौढ शरीरात २०६ हाडं. क्षारांमुळे ते दाबाखाली चुरत नाही आणि कोलॅजेनमुळे ठिसूळ होत नाही. पटत नसेल तर एक स्वच्छ, बारीक हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. क्षार विरघळतात, आकार तसाच राहतो आणि हाड वाकवता येतं. उरतं ते मुख्यतः कोलॅजेन. स्लाइडवर घट्ट हाड झाडाच्या बुंध्यासारखं दिसतं: मध्ये रक्तवाहिनीची नळी, भोवती वर्तुळं, आणि वर्तुळांवर बारीक काळ्या ठिपक्यांसारख्या पोकळ्या. प्रत्येक पोकळीत एक जिवंत पेशी असते आणि ती केसाहून बारीक वाटांनी शेजारणींशी जोडलेली असते. या रक्तपुरवठ्यामुळेच मोडलेलं हाड चांगलं जुळतं.

चरबीची ऊती याच गटातली, पण ती मधल्या जागेच्या नियमाला अपवाद आहे. तिच्यात पेशीच फुगून सगळी जागा व्यापतात. स्लाइड बनवताना आतली चरबी विरघळून जाते, त्यामुळे रिकाम्या पांढऱ्या कड्यांची जाळी दिसते आणि केंद्रक कडेला दाबलं गेलेलं असतं. एकदा पाहिली की पुन्हा चुकत नाही.

पायरी ५: एकाच दिशेने धावणारं गुलाबी

दाट गुलाबी, लांबट आणि एका दिशेने रचलेलं दिसलं तर दोन शक्यता: कोलॅजेन किंवा स्नायू. केंद्रकं मोजा. स्नायूत ती भरपूर असतात. कोलॅजेनच्या जुडग्यांत तुरळक, बारीक आणि दबलेली.

मग प्रकार. आडव्या पट्ट्या आहेत का? असतील आणि तंतू लांब, सरळ, केंद्रकं अनेक आणि कडेला असतील तर तो हाडांना जोडलेला पट्टकी स्नायू, आपल्या इच्छेने चालणारा. असे ६०० हून अधिक स्नायू शरीरात आहेत. पट्ट्या आहेत पण तंतूंना फाटे फुटले आहेत आणि केंद्रक मध्यभागी आहे, तर तो हृदयाचा. त्याच्या पेशी जिथे जोडल्या जातात तिथे गडद आडव्या रेषा दिसतात. त्या जोडांमधून विजेचा इशारा एका पेशीतून दुसरीत सरळ जातो आणि हृदय एकसंध आकुंचन पावतं, दिवसाला सुमारे १ लाख वेळा. पट्ट्या अजिबात नाहीत आणि पेशी दोन्ही टोकांना निमुळत्या आहेत, तर तो अपट्टकी स्नायू. आतडं, रक्तवाहिन्या, मूत्राशय, गर्भाशय इथे तो असतो. तो सावकाश आवळतो पण थकत नाही.

हृदयाच्या स्नायूपेशी फार थोड्या प्रमाणात नव्याने तयार होतात. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या पेशींची जागा कोलॅजेनचा व्रण घेतो. व्रण भिंत धरून ठेवतो, पण आकुंचन पावत नाही.

पायरी ६: चेता ऊती, आणि २० नॅनोमीटरची फट

मेंदूत साधारण ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. प्रत्येकीला पेशीकाय, संदेश घेणाऱ्या फांद्या म्हणजे वृक्षिका, आणि संदेश पुढे नेणारा एक अक्षतंतू. पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटांकडे जाणारा अक्षतंतू सुमारे १ मीटर लांब असतो. सगळ्यात वेगवान तंतूंमधून संदेश सेकंदाला १०० मीटरहून जास्त वेगाने धावतो. त्यांच्याभोवती ग्लिया, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या, पेशींनी गुंडाळलेलं मायलिनचं आवरण असतं.

नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात हे सगळं नीट दिसत नाही. १८७३ मध्ये इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी चांदीच्या क्षारांनी रंगवण्याची पद्धत काढली. तीत हजारो पेशींपैकी मोजक्याच, पण फांद्यांच्या टोकांपर्यंत काळ्या होतात. त्या चित्रांकडे पाहून गोल्जी म्हणाले, सगळ्या चेतापेशी एकमेकींत मिसळून एक अखंड जाळं आहे. तीच पद्धत वापरून स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल म्हणाले, नाही, प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं आणि तिथेही मतभेद कायम राहिले. विसाव्या शतकाच्या मध्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने निकाल दिला: दोन पेशींच्या मध्ये साधारण २० नॅनोमीटरची फट आहे (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग). एका बाजूने रसायन सुटतं आणि पलीकडे पोचतं. नैराश्यावरची अनेक औषधं त्या फटीतल्याच रसायनाचं प्रमाण बदलतात. मेंदूचा अभ्यास करणारे दोन थोर लोक अखेर मधल्या जागेवरूनच भांडले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हातापायांतला चेतातंतू तुटला तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढू शकतो. मनगटाजवळची जखम बरी झाल्यावरही बोटांची जाणीव परतायला कित्येक महिने का लागतात, याचा हिशेब यातच आहे.

बोलण्यातली "नस" सोडवून घ्या

रुग्णांशी बोलणाऱ्यांसाठी हे आवश्यक आहे. मराठीत "नस" हा एक शब्द चार ऊतींसाठी चालतो. "नस दबली" म्हणजे चेता. "सुईला नस सापडत नाही" म्हणजे शीर, रक्तवाहिनी. "पोटरीत नस चढली" म्हणजे स्नायूचा पेटका. "टाचेमागची नस ताणली" म्हणजे स्नायुरज्जू. तसंच "गादी सरकली"मधली गादी म्हणजे मणक्यांमधली तंतुमय कास्थी. समोरच्याला दुरुस्त करत बसू नका. कुठे दुखतं, मुंग्या येतात का, हालचालीने वाढतं का, हे विचारलं की कोणती ऊती ते बहुधा कळतं. मुंग्या आणि बधिरपणा असेल तर आधी चेतेचा विचार करा.

पायरी ७: एका स्लाइडवर चारही

सरावासाठी लहान आतड्याच्या आडव्या छेदाची स्लाइड घ्या. आतून बाहेर चला आणि प्रत्येक टप्प्यावर पेन्सिलने चित्र काढा. फोटो काढून भागत नाही, हात चालला की डोळा पाहतो. आधी मोकळ्या कडेवर उंच पेशींचं अस्तर, मधूनमधून श्लेष्माने भरलेल्या फिकट पेशी. त्याखाली विरल संयोजी ऊती, तिच्यात रक्तवाहिन्या आणि आपली मोजपट्टी, तांबड्या पेशी. मग अपट्टकी स्नायूचे दोन थर. आतला आतड्याभोवती वळसा घालणारा, बाहेरचा लांबीच्या दिशेने, त्यामुळे एकात केंद्रकं लांबट दिसतील आणि दुसऱ्यात गोल ठिपक्यांसारखी. या दोन थरांच्या सीमेवर भिंगाची ताकद वाढवून हळूहळू सरका. फिकट रंगाचा एक छोटा पुंजका लागेल, त्यात मोठी गोल केंद्रकं आणि प्रत्येकात ठळक गडद बिंदू. आतडं किती आवळायचं आणि कधी सैल सोडायचं हे ठरवणाऱ्या चेतापेशी त्या. पहिल्या वेळी तो पुंजका सापडायला अर्धा तास लागला तर लागू द्या.